पिकार्ड, अडामा, हाऊस : मालिकांच्या नायकांचं नेतृत्व तोलायचं कशावर?

पानकोरा
‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा कप्तान पिकार्ड, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा सेनापती अडामा आणि ‘हाऊस’ मालिकेतला डॉक्टर हाऊस यांच्यावर लेख लिहायला घेतलाय. एक लोकशाहीवादी, दुसरा करारी, तिसरा हुकूमशहा, असं म्हटलं की पुढे लिहायला काही उरतच नाही. अंतराळसफर, युद्ध आणि इस्पितळ एकाच तराजूत कसं घालायचं?

तिसरा अंक
विशेषणं बाजूला ठेवा, प्रत्येकाचा एकेकच निर्णय निवडा. प्रसंग पाहताना चार गोष्टी टिपा : हाताशी वेळ किती होता, माहिती कोणाकडे होती, ‘नाही’ म्हणायची मुभा कोणाला होती आणि चुकलं तर भोगणार कोण होतं.

अडामासाठी २००३ च्या लघुमालिकेनंतरचा पहिला भाग घ्या, ‘३३’. शत्रू दर ३३ मिनिटांनी येऊन थडकतो. त्याला चुकवायला ताफ्याने अंतराळात मारलेल्या २३७ उड्या झाल्यात, म्हणजे १३० तासांवर जागरण. मागे राहिलेलं प्रवासी जहाज अचानक परत येतं. त्यावर १,३४५ माणसं, आणि शत्रू त्याच्याच मागावर येतो असा दाट संशय. ते पाडायचं अडामा एकटा ठरवत नाही, राष्ट्राध्यक्ष रोझलिनचा शब्द लागतो. आणि गोळ्या झाडणाऱ्यांत त्याचा स्वतःचा मुलगा असतो. ‘करारी’ म्हणून मोकळं झालात तर यातलं काहीच लेखात येणार नाही.

टिपणवही
पिकार्डला लोकशाहीवादी म्हणणं चूकच. बैठकीत तो रायकर, डेटा, जॉर्डी, वॉर्फ या आपल्या सगळ्या अधिकाऱ्यांचं ऐकून घेतो, पण हात वर करून मतं मोजत नाही. निर्णय त्याचा, जबाबदारीही त्याचीच.

माझ्या मते पाचवा निकष हवाच : नायक नसताना माणसं कशी वागतात? १९९० चा ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ पाहा. बोर्ग नावाचे शत्रू पिकार्डलाच उचलून नेतात आणि त्याच्या डोक्यातलं सगळं शत्रूच्या हाती लागतं. ‘पिकार्डने काय केलं असतं’ हा विचारच रायकरला सोडून द्यावा लागतो. पिकार्डला परत आणतात डेटा आणि वॉर्फ. पिकार्डने माणसं कशी घडवली, ते त्याच्या भाषणांपेक्षा इथे जास्त कळतं.

तिसरा अंक
पाचवा निकष पटला. हाऊसच्या बाबतीत मात्र जपून. फळ्यावर लक्षणं, मार्कर त्याच्या हातात, चेस, फोरमन आणि कॅमरन हे हाताखालचे डॉक्टर रोगांची नावं सुचवतात, तो ती खोडत जातो. पहिलं निदान बहुतेक वेळा चुकतंच. ते बरोबर आलं तर भाग तिथेच संपेल! रुग्णाची बिघडलेली तब्येत हाच पुढचा धागा ठरतो आणि शेवटी तो बहुधा वाचतो. म्हणजे चुका पचवायची सोय पटकथेतच केलेली आहे. हीच अंदाजपंचे पद्धत अडामाने वापरली तर जहाज जाईल.

पानकोरा
मग हाऊसचा कोणता भाग घेऊ?

टिपणवही
पहिल्या पर्वातला ‘थ्री स्टोरीज’. त्यात तो स्वतः रुग्ण आहे. त्याला कोमात ठेवलेलं असताना त्याची जोडीदार स्टेसी त्याच्या इच्छेविरुद्ध पायाचा स्नायू काढायला संमती देते. ‘नाही’ म्हणायची मुभा कोणाला, हा प्रश्न तिथे त्याच्यावरच उलटतो.