'सेट'चे म्हणे ४३० अर्थ! बरं, मग?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता):
सकाळी मेव्हण्याचं ढकलपत्र आलं. "इंग्रजीतल्या 'सेट' या इवल्याशा शब्दाला ४३० अर्थ! आहे का मराठीत असा एक तरी शब्द?" खाली टाळ्यांची चित्रं. सोडून दिलं होतं, पण दात घासताना पुन्हा आठवलं आणि डोकं फिरलं.

एक तर आकडा शिळा आहे. तो ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला. तिथे 'सेट'ची नोंद ६०,००० शब्दांच्या घरात होती. पुढे नोंदी सुधारत गेल्या तसा 'रन' वरचढ ठरला. २०११ मध्ये त्याच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. मिरवायचंच होतं तर निदान ताजं मिरवायचं.

दुसरं, हे 'अर्थ' मोजतात कसे? सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट असाइड. शेपूट बदललं की नवा अर्थ, आणि सगळं 'सेट'च्या खात्यावर जमा. मग आमच्या 'लागणे'नं काय घोडं मारलंय? तहान लागते, ठेच लागते, डोळा लागतो, पत्ता लागतो, नाद लागतो. "तो तुझा कोण लागतो?" म्हटलं की थेट नातं. बस लागली म्हणजे फलाटाला लागली की पोटात ढवळायला लागलं, ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. ('ढवळायला लागलं'. बघा, परत आला!)

कोशकिडा:
आलं का 'लागणे'! भाषाभिमानाचा धागा निघाला की तिसऱ्या परिच्छेदात हे हजर. अहो, शब्दाला अर्थ असणं वेगळं आणि कुणी तरी मान मोडून ते लिहून काढणं वेगळं. 'रन'वर एका संपादकानं नऊ महिने घातले. त्या कोशाचा पहिला भाग निघाला १८८४ मध्ये, शेवटचा १९२८ मध्ये. वाचकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या, कुठला अर्थ आधी कुठे छापला गेला ते उताऱ्यासकट. तुम्ही 'लागणे'ला किती वेळ दिलात? दात घासून होईपर्यंत.

बोरूबहाद्दर:
मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ ची आवृत्ती. मराठीचं किती बारीक काम आहे ते बघा, मग बोला.

कोशकिडा:
मोल्सवर्थ कुठला हो? 😀

बोरूबहाद्दर:
'महाराष्ट्र शब्दकोश'वाले दाते-कर्वे तर आपलेच ना?

कोशकिडा:
आपलेच, आणि दंडवत त्यांना. १९३२ ते ३८. आता साल कुठलं चालू आहे?

खाडाखोड:
तुमचं मोजमाप चालू द्या. मी अनुवादाचं काम करते, माझं दुःख वेगळं आहे. नवी होते तेव्हा एका निकालाच्या मराठी प्रतीत 'द ऑर्डर इज सेट असाइड'चं मी 'आदेश बाजूला ठेवण्यात येत आहे' केलं. मला ते फार सफाईदार वाटलं होतं. ज्यांचा निकाल होता ते गृहस्थ आले, चष्मा कपाळावर, बोट त्या ओळीवर. "ताई, बाजूला म्हणजे किती दिवस?" आदेश रद्द झाला होता! ते जिंकले होते आणि त्यांना कळलंच नव्हतं. ४३० की ६४५ यानं मला फरक पडत नाही. समोरच्या ओळीत त्यातला कुठला एक बसलाय, एवढंच मला हवं असतं. आणि हे काम पानाच्या भावानं करून मागतात, त्यावर वेगळा धागा काढीन.

गणितमास्तर:
एक गफलत कुणीच पकडली नाही. 'सेट' हा एक शब्दच नाही. क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टान'वरून आलं, म्हणजे बसवणे. 'संच' या अर्थाचं नाम आलं जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन 'सेक्टा'वरून. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊ. पुढे दोन्ही इतके मिसळले की कोशकारांनाही वेगळे काढणं जड जातं. मी वर्गात 'संच' म्हणतो, मुलं 'सेट' म्हणतात, पालक विचारतात संच म्हणजे काय. असो.

झणझणीत:
मुलं बरोबरच म्हणतात! इथले सगळे शुद्धीचे पुतळे रात्री "अलार्म सेट कर" म्हणूनच झोपतात.

बोरूबहाद्दर:
मी "गजर लाव" म्हणतो.

झणझणीत:
म्हणत असाल, आणि घरचे "काय?" विचारत असतील.

खाडाखोड:
झणझणीत, 'सेट'नं किती क्रियापदं गिळली ते बघा की. गजर लावायचा, सापळा लावायचा, हाड बसवायचं, अंगठीत खडा बसवायचा, गाण्याला चाल लावायची, पेपर काढायचा, तारीख ठरवायची. आता सगळं 'सेट करायचं'. परवा एकानं मला "मजकूर सेट करून द्या" असं कळवलं. तपासून, जुळवून की छापायला मांडून? तीनदा विचारलं. उत्तर आलं, "म्हणजे सेट."

झणझणीत:
तो दोष शब्दाचा नाही, डोक्याचा. आणि आपण काय नुसते उसनवारी करतो? 'सेटिंग' घ्या. "आतून सेटिंग आहे", "त्यांची सेटिंग लागली". हे अर्थ इंग्रजाला सांगून बघा, येड्यासारखा बघेल. ४३१ वा आणि ४३२ वा आपले! शब्द आपण घेतला, वापरून झिजवला, आता तो मराठी झाला. 'मेज' आणि 'खुर्ची' कुठून आल्या ते विचारू का?

बोरूबहाद्दर:
मेज-खुर्ची आली तेव्हा कुणाला हाकलून आली नाही. तुमचा 'सेट' दहा जणांना उठवून बसतो. असले लोक मराठीची पार...

झणझणीत:
'असले लोक' म्हणजे कोण? माझी मराठी तुम्ही तपासणार? स्वतःच्या धाग्यात 'परिच्छेद' न पाडता येणारे...

गणितमास्तर:
परिच्छेद पाडलेत त्यांनी. तीन. भांडणात तरी मोजणी नीट करा.

झणझणीत:
बरं, पाडलेत. आणि 'चाल लावणे' हे 'चाल सेट करणे'पेक्षा बरं आहे, तेवढं देतो. गजर मात्र सोडणार नाही.

कोशकिडा:
जाता जाता, सिट-सेट म्हणजे आपलं बसणे-बसवणे. एक स्वतः करायचं, दुसरं करायला लावायचं. नाटक बसवतात, घडी बसवतात. या जोडीकडे धागाकर्त्याचं लक्ष गेलं असतं तर 'लागणे'च्या यादीपेक्षा बरा लेख झाला असता.

बोरूबहाद्दर:
मान्य, सरकार. म्हणजे 'बसणे' आणि 'सिट' एकाच मुळाचे ना?

कोशकिडा:
छे! बसणे आधी बैसणे, ते 'उपविश्'वरून. 'सिट'चा सोयरा संस्कृतातला 'सद्'. सभासद, परिषद, उपनिषद त्यातलेच. आणि संसदही.

बोरूबहाद्दर:
म्हणजे 'सेट' आणि 'संसद' लांबचे का होईना, भाऊबंद! हे आत्ताच मेव्हण्याला पाठवतो.

खाडाखोड:
नका हो. आठवड्यात 'संपूर्ण इंग्रजी संस्कृतातूनच निघाली' होऊन तुमच्याकडेच परत येईल. टाळ्यांसकट.