मंगळवारी अकराला पालकसभा, येणार कोण?

ए-२०३ ताई, रात्री ८:१२
नमस्कार मंडळी. आपल्या कोपऱ्यावरच्या मनपा शाळेत आज पहिलीची पालकसभा होती. वर्गात मुलं ३४, पालक आलो आम्ही ९. मी यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून समोरचे मोकळे बाक बघून फार वाईट वाटलं. आपल्या सोसायटीतली ५ मुलं त्या वर्गात आहेत, शिवाय वॉचमनमामांची मुलगी. सोसायटीतून मी एकटीच होतो. कुणाला बोल लावत नाही, पण यायला का जमत नाही ते मोकळेपणानं सांगा.

सी-३०४ दादा, ८:१९
ताई, मंगळवारी सकाळी अकराला सभा ठेवली की कोण येणार? मी गोकुळ शिरगावला, फर्स्ट शिफ्ट. सुट्टी टाकली की त्या दिवसाचा पगार गेला. बायकोची पण ड्युटी.

बी-१०१ काका, ८:२४
आमच्या वेळी आई-वडिलांनी शाळेची पायरी चढली नाही, तरी शिकलोच की आम्ही. शिकवायचं काम शाळेचं. पालकांनी वर्गात जाऊन काय करायचं?

ए-२०३ ताई, ८:३१
काका, तुमच्या वेळी गुरुजी गल्लीतच राहायचे. संध्याकाळी कट्ट्यावर तुमच्या वडिलांना भेटायचे, "पोरगं चार दिवस आलं नाही, बरं नाही का?" म्हणून विचारायचे. ती पालकसभाच होती, फक्त नोटीस नव्हती. आता वर्गाच्या बाई बसनं गांधीनगरहून येतात, बसनं जातात. भेटायचं कुठं?

बी-२०२ बाई, ८:४०
मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं, म्हणून थोडं लिहिते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २१ नं ही शाळा व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्याकडं अध्यक्षही पालकांतूनच निवडतात. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं, हे तिचं काम. कलम २४ तर शिक्षकांसाठी आहे: पालकांना नियमित भेटायचं, मुलाची हजेरी, शिकण्याची कुवत आणि प्रगती सांगायची. म्हणजे सभा घेणं ही बाईंची मेहेरबानी नाही आणि जाणं ही आपली हौस नाही.
आणि काका, आपण कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या गावात राहतो. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! पालकाशिवाय शाळा चालत नाही हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

सी-१०२ वहिनी, ८:४६
बाई, गुढीपाडव्याला जरगनगरच्या मनपा शाळेत प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, हे दरवर्षी पेपरात येतं. मग पाडव्याला रांगेत उभा राहणारा पालक वर्षभर जातो कुठं, हा मला खरा प्रश्न वाटतो.

सी-३०४ दादा, ८:४८
शिफ्टला जातो वहिनी.

ए-२०३ ताई, ९:०५
दादा, तेच. वेळेचं मी मुख्याध्यापकांशी बोलतो. पण दुसरं एक कारण आहे, ते मला आज कळलं. लांबलचक लिहितो, पण वाचा.

सभा संपल्यावर बाई दशक-एकक शिकवत होत्या. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, झाला एक गठ्ठा. वॉचमनमामांची मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, आमची आई मेथीच्या जुड्या अशाच बांधती." मग तिनं सगळ्यांपुढं दाखवलं. काड्या आधी हातात सारख्या करून घेतल्या, बुडं जमिनीवर आपटून एका रेषेत आणली, मग रबराचे दोन वेढे. मोजताना तिनं एक-एक काडी मोजलीच नाही. पाच-पाचच्या दोन चिमटी, संपलं. माझ्या पोराला हेच शिकवताना गेला आठवडाभर मी डोकं फोडून घेत होतो!

येताना गेटवर तिची आई भेटली. कपिलतीर्थ मार्केटला भाजी विकून आली होती, रिकामी पाटी कडेला टेकवलेली. म्हटलं, वहिनी, आत का नाही आलात? म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. सगळ्यांसमोर बाईंनी कागद हातात दिला तर?" त्या अख्खी सभाभर गेटवर उभ्या होत्या.

बी-२०२ बाई, ९:११
डोळ्यांत पाणी आलं गं. चूक आमचीपण असते. सभेत आम्ही पालकांना नुसतं ऐकवतो. "लक्ष द्या, अभ्यास घ्या, सही करा." तुमचं मूल घरी काय करतं, हे विचारतच नाही. २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले, तेव्हा मातांचे गट केले होते. घरातल्या डाळी वेगळ्या करणं, वाट्या मोजणं, असल्या गोष्टी. निरक्षर आयाही पुढं बसायच्या, कारण ते त्यांच्या हातातलं काम होतं.

सी-१०२ वहिनी, ९:१४
मग पुढची सभा आपल्या हॉलमध्ये घेऊया का? खुर्च्या आहेत, पंखे आहेत.

ए-२०३ ताई, ९:१७
नको वहिनी. आपल्या हॉलमध्ये वॉचमनमामांच्या घरचे खुर्चीवर बसणार नाहीत, मागं उभे राहतील. शाळा सगळ्यांची आहे. तिथंच घेऊया.

सी-३०४ दादा, ९:२०
शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवा. मी येतोच, अजून दोघांना घेऊन येतो. आणि चिठ्ठी पाठवू नका, व्हॉइस मेसेज पाठवा. ज्यांना वाचायचा प्रश्न आहे त्यांनाही कळेल.

बी-१०१ काका, ९:२६
मला अजून सगळं पटलेलं नाही. पण बाईमाणूस गेटवर उभी राहिली, हे काही बरं झालं नाही. शनिवारी चहाचं मी बघतो.

ए-२०३ ताई, दुसऱ्या दिवशी दुपारी १:५०
मुख्याध्यापक हो म्हणाले. शनिवारी सहा वाजता, पहिलीच्या वर्गात. पहिली १५ मिनिटं कुणीही कागद काढायचा नाही, प्रत्येकानं आपलं मूल घरी काय काय करतं ते सांगायचं. खिचडीची चव बघायला रोज एक पालक, त्याची पाळीही तिथंच ठरवू. बाईंनी मेथी मागवली आहे, जुड्या बांधायला.

ए-२०३ ताई, १:५८
मार्केटवाल्या वहिनींशी आत्ताच बोललो. येते म्हणाल्या. विचारत होत्या, पाटी घेऊन सरळ वर्गात यायचं का गेटवर ठेवून यायचं. सांगितलंय, पाटीसकट आत या.