डीटीएचचा ५.१ आवाज येत नाहीये, मागचे दोन स्पीकर एकदम गप्प

माडबनातला:
नमस्कार मंडळी, देवगडजवळ गावात राहतो. गणपतीच्या आधी ५.१ चं (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर घेतलं, माजघरात लावलंय. डीटीएचच्या एचडी बॉक्समधून एचडीएमआय टीव्हीला आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून (उजेडाने आवाज नेणारं कनेक्शन) वायर होम थिएटरच्या अ‍ॅम्पला, असं दुकानातल्या मुलाने जोडून दिलं. आवाज येतो पण मागचे दोन स्पीकर आणि मधला सेंटर गप्प, आणि अ‍ॅम्पवर ऑल चॅनल स्टिरिओ केलं की मॅचचा कॉमेंटेटर पुढून पण बोलतो आणि मागून पण. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून सिनेमा लावला तर मात्र मागून व्यवस्थित आवाज येतो, म्हणजे स्पीकर चांगले आहेत. मुख्य म्हणजे आईला कमी ऐकू येतं, तिच्यासाठीच घेतलं हे सगळं, आणि तिला मालिकेतलं बोलणंच कळत नाही, म्युझिक आलं की मात्र धाडकन वाढतं. दुकानदार म्हणतो बॉक्स बदला, डिशवाला म्हणतो टीव्हीत प्रॉब्लेम आहे. कोणाचं ऐकू?

जांभा_चिरा:
काही बदलू नका, पैसे घालवू नका. तुमची पेनड्राइव्हची टेस्ट फार कामाची आहे. टीव्ही स्वतःकडचा ५.१ ऑप्टिकलने बाहेर सोडतोय, पण एचडीएमआयने आत आलेला आवाज बरेच टीव्ही दोन चॅनलचा करूनच पुढे देतात, आणि त्यात बॉक्स आधी टीव्हीला विचारतो तुला काय झेपतं, टीव्ही म्हणाला फक्त स्टिरिओ की बॉक्स स्टिरिओच पाठवतो. म्हणजे वाटेतच कापला जातो आवाज.

बॉक्सच्या मागे बघा, ऑप्टिकलचं चौकोनी भोक असतं, आत लाल उजेड दिसतो. असेल तर वायर तिथून थेट अ‍ॅम्पला. मग बॉक्सच्या मेनूत ऑडिओमध्ये पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा स्टिरिओ असेल ते डॉल्बी डिजिटल करा. ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनल जातं, ५.१ जायचं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं दाबलेलंच जावं लागतं. डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलमधून जात नाही, ते एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच उलट अ‍ॅम्पला देणारी सोय) जातं, म्हणून बॉक्सला ऑप्टिकल नसेल तर टीव्ही आणि अ‍ॅम्प दोघांचं एआरसीवालं एचडीएमआय जोडा आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पासथ्रू (आवाज आहे तसाच पुढे देणं) किंवा ऑटो ठेवा. अ‍ॅम्पच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल अशी अक्षरं आली की समजा पोचला, नुसतं पीसीएम दिसलं तर अजून कुठेतरी अडलंय.

आईंचं म्हणाल तर ५.१ मध्ये बोलणं बहुतेक सेंटर स्पीकरमध्येच असतं. तो चालू झाला की त्याची लेव्हल दोन-तीन डीबी (डेसिबल) वाढवा आणि नाइट मोड ऑन करा, मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. माझ्या वडिलांना याच एका गोष्टीने परत बातम्या ऐकता यायला लागल्या.

खाडीकाठ:
वरचं बरोबर आहे, फक्त एक सांगतो, चॅनलच स्टिरिओ असेल तर काही केलं तरी खरा ५.१ येणार नाही. एसडी चॅनल तर स्टिरिओच धरून चाला, एचडीतले पण सगळे ५.१ देत नाहीत. काही चॅनलला दोन ऑडिओ असतात, रिमोटच्या भाषेच्या बटणावर डॉल्बीवाला निवडावा लागतो. स्टिरिओला अ‍ॅम्पवर प्रो लॉजिक २ (स्टिरिओ आवाज सगळ्या स्पीकरमध्ये वाटून देणारा मोड) लावा, ऑल चॅनल नको. प्रो लॉजिक बोलणं मधे ठेवतो आणि गर्दीचा आवाज मागे टाकतो, मॅचला मस्त वाटतं.

आणि मागचे स्पीकर अगदी पाठीमागच्या भिंतीला लावलेत का? बसतो तिथून थोडे बाजूला-मागे, कानाच्या जरा वर लावा. जांभ्याच्या भिंती आणि खाली टाइल्स असतील तर आवाज घुमतो, सोफ्यासमोर जाड सतरंजी टाकून बघा, बोलणं लगेच स्पष्ट होतं.

वेंगुर्ल्याचो:
माका पण ह्योच त्रास होतो, पण माझा कारण वेगळा निघाला. आवाज मधेमधे तुटायचा, अ‍ॅम्प डॉल्बीवरून पीसीएमवर उडी मारायचा. छपरावर जाऊन एलएनबीचा (डिशच्या तोंडासमोरचा सिग्नल पकडणारा डबा) कनेक्टर उघडला तर आतली तांब्याची तार हिरवीगार, खाऱ्या वाऱ्याने सडलेली. वायर वीतभर कापून नवीन कनेक्टर लावला, वर रबरी टेप गुंडाळली, वायरला खाली झोळ दिला म्हणजे पाणी निथळून पडतं. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची स्ट्रेंथ नको, क्वालिटीचा आकडा बघा. मोठ्या पावसात केयू बँडचा (डीटीएच ज्या लहरींवर येतं त्या) सिग्नल जाणारच, पण रिमझिम पावसात तुटत असेल तर कनेक्टर नाहीतर डिशसमोर आलेलं माडाचं झावळ. फ्री डिशवाल्यांनी आग्नेयेला साधारण ६० अंश वर बघायचं, त्यांचा उपग्रह जीसॅट-१५ तिथेच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आणि वीज चमकायला लागली की डिशची वायरसुद्धा बॉक्सपासून काढा, नुसता प्लग काढून भागत नाही.

माडबनातला:
जांभा_चिरा भाऊ, बॉक्सला ऑप्टिकल होतं, टीव्हीमागे दडलेलं. थेट जोडलं, सेटिंग बदललं आणि डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल आलं! फक्त ओठ आणि आवाज जुळेनात, आवाज आधी येत होता कारण टीव्ही चित्राला वेळ लावतो, अ‍ॅम्पमध्ये ऑडिओ डिले ८० मिलीसेकंद ठेवला आणि जुळलं. मालिकांचा चॅनल स्टिरिओच आहे, त्याला प्रो लॉजिक लावलं, सेंटर ३ डीबी वर. काल रात्री आई स्वतःहून म्हणाली, आवाज कमी कर रे, शेजारी झोपलेत.