खांदेरी बेटावर खरंच भुताटकी आहे का, की वेताळाच्या देवळामुळे लोक तसं बोलतात?

किनारा_पुणे

नमस्कार मंडळी, अलिबागजवळच्या खांदेरीबद्दल विचारायचं आहे. मुलं डिसेंबरात थळहून बोटीने खांदेरीला जायचं म्हणतायत आणि नेमकं आत्ताच घरच्या ग्रूपवर एक रील फिरतंय, त्यात म्हणे हे भुताचं बेट, सूर्य मावळल्यावर कुणी थांबत नाही, लढाईत मेलेला गोरा साहेब कंदील घेऊन तटावरून फिरतो वगैरे. आमच्या सासूबाई मूळच्या चौलच्या, त्यांनी रील बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की साहेब-बिहेब काही माहीत नाही पण तिथे वेताळ आहे, आधी त्याला नारळ द्या आणि मग बेट बघा, आणि तिथे तोंडाला येईल ते बडबडू नका. वेताळ म्हणजे भुतांचा राजा हे लहानपणापासून ऐकलंय, मग ज्या बेटावर भुतांचा राजाच बसलाय तिथे भुतं असणारच असं मुलीचं म्हणणं, आणि तिला मी काय उत्तर देऊ ते मला सुचेना.

तर कुणी त्या भागातलं असेल तर सांगा, जुन्या लोकांत खरोखर काय सांगतात? आणि तो दगड वाजतो म्हणतात, भांड्यासारखा, ते खरं आहे का?

दर्यासारंग_थळ

ताई, मी थळचाच, कोळी. घरची बोट आहे, आजोबा नाखवा होते, वडील पण. खांदेरी आम्हाला घराच्या ओट्यावरून दिसते त्यामुळे जरा मोठं लिहिणार आहे, वाचून घ्या.

पहिलं म्हणजे तो गोरा साहेब आमच्याकडे कुणाला माहीत नाही. माझ्या आजीने रात्र रात्र गोष्टी सांगितल्यात, गिऱ्ह्याच्या सांगितल्या, हडळीच्या सांगितल्या, खाडीतल्या चकव्याच्या सांगितल्या, पण खांदेरीवर कंदीलवाला साहेब कधी आला नाही. आणि मुक्कामाचं म्हणाल तर तिथलं दीपगृह १८६७ सालचं आहे, तेव्हापासून दिव्याची माणसं त्या बेटावर रात्री काढत आलीत. रात्री कुणी टिकत नाही म्हणणाऱ्याने आधी त्यांना विचारावं.

आता वेताळ. बोटीतून उतरून थोडं चाललं की देऊळ लागतं. आत हातपाय-डोळे असलेली मूर्ती शोधू नका, मोठी शिळा आहे, पांढरी रंगवलेली, तोच देव. शिळा वर्षागणिक वाढते असं आमची म्हातारी माणसं मानतात, मीही हात जोडताना तेच मनात धरतो. होळीच्या दिवसांत गावागावातून बोटी सजवून लोक जातात, बायामुलं सगळी, नारळ, कोंबडा, ज्याचा जो नवस असेल तो. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठून बोटी दर्यात उतरल्या की जाता-येता वेताळदेवाकडे बघून हात जोडल्याशिवाय आमच्याकडे कुणी पुढे जात नाही.

तुमच्या मुलीने विचारलं ते मीही लहान असताना आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, "अरं कनाला भितंस? तो हाय म्हनून बाकीची लांब रातान." म्हणजे कसं बघा, दर्यात बुडून गेलेली माणसं प्रत्येक कोळीवाड्यात आहेत, वादळात गेलेली, ज्यांचं प्रेतसुद्धा मिळालं नाही अशी. त्यांचं क्रियाकर्म धड झालं नाही, ती कुठे जाणार? ती वेताळाच्या पदरी जातात, तो त्यांना धाकात ठेवतो, सांभाळतो. आम्हाला खांदेरीची भीती नाही वाटत, उलट वारा फिरला आणि बोट हेलपाटायला लागली की पहिलं नाव त्याचंच येतं. हे सगळं सोडून कुणीतरी ड्रोन उडवून, खाली ढाण ढाण म्युझिक लावून आमच्या देवाला हॉरर करून टाकतो, त्याचा खूप त्रास होतो. राग आहे माझा, लपवत नाही.

दगड वाजतो. देवळापासून लांब नाही, बोटवाला दाखवतो. बाकी लोक सांगतीलच.

आरमारवेडा

दर्यासारंग दादा, मनापासून धन्यवाद. मी इतिहासाच्या बाजूने भर घालतो, कारण त्या कंदीलवाल्या साहेबाच्या मागे एक खरा मेलेला माणूस असू शकतो आणि त्याची हकिगत रीलपेक्षा कितीतरी भारी आहे.

शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायचा पहिला प्रयत्न १६७२ मध्ये केला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम राहिलं. नकाशा काढून बघा म्हणजे का आडवे आले ते कळेल, मुंबई बंदराच्या तोंडाशीच हे बेट, इथे मराठ्यांची तोफ बसली म्हणजे येणारं-जाणारं प्रत्येक जहाज महाराजांच्या नजरेखाली. मग १६७९ च्या ऑगस्टअखेरीला महाराजांच्या आरमारातले सरदार मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरले आणि दगड रचायला सुरुवात केली. भर पावसाळ्याचा शेवट, दर्या अजून शांत झालेला नाही, आणि ही माणसं उघड्या बेटावर तट बांधतायत.

इंग्रजांनी आधी बेट सोडा म्हणून सांगून बघितलं, मायनाक भंडारींनी महाराजांच्या हुकमाशिवाय हलणार नाही असा निरोप दिला. मग १९ सप्टेंबर १६७९ ला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प नावाचा अधिकारी शिबाड (शिडाचं मालवाहू गलबत) घेऊन सरळ बेटावर चढायला गेला आणि तटावरून झालेल्या माऱ्यात तो आणि त्याच्यासोबतची दोन माणसं तिथेच मेली, बाकीचे काही कैद झाले. रीलमधला साहेब कुणावरून घेतला असेल तर तो हाच असणार, पण त्याला कंदील कुणी दिला देव जाणे. पुढे १८ ऑक्टोबरला दौलतखान मराठी आरमार घेऊन नागावच्या बाजूने पहाटे इंग्रजांच्या ताफ्यावर तुटून पडले, त्यात इंग्रजांचं डोव्ह नावाचं गलबत मराठ्यांनी पकडलं, फक्त रिव्हेंज हे मोठं जहाज नेटाने उभं राहिलं, त्यावर कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन होते. (हाच केग्विन पुढे १६८३ ला मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून बसला, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.)

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट लढाई नाही, रसद आहे. इंग्रजांची खोल बुडाची जहाजं बेटाला वेढा घालून उभी, आणि मराठ्यांच्या उथळ, वल्ह्यांच्या होड्या रात्रीच्या अंधारात दिवा न लावता खडकांच्या मधून, भरती बघून, बेटावर दाणागोटा आणि माणसं पोचवून परत किनाऱ्याला. सकाळी इंग्रज बघतात तर तट आणखी वर आलेला. इतकी जहाजं ठेवूनही हे थांबवता येत नाही म्हणून त्यांची चिडचिड त्यांच्याच पत्रव्यवहारात दिसते. त्या होड्या चालवणारे हात कोळ्या-भंडाऱ्यांचे होते, दादांच्या गावाजवळचे. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रज तह करून बाजूला झाले, सिद्दी कासमने त्याच महिन्यात समोरची उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या आणि ही दोन बेटं पुढे कित्येक वर्षं एकमेकांवर गोळे टाकत राहिली. महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले, म्हणजे खांदेरी ही अगदी शेवटच्या काळातली लढाई.

नंतर कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७१८ ला मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरी घ्यायला आला आणि हात हलवत परत गेला. १९९८ पासून बेटाला कान्होजी आंग्र्यांचंच नाव आहे. नौदलाची पाणबुडी आयएनएस खांदेरी, पहिली १९६८ ची आणि आत्ताची २०१९ ची. आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यातही खांदेरी आहे. मुलीला सांगा की गाड्यावर बसवलेली जुनी तोफ अजून तिथे उभी आहे, गाड्याची लोखंडी चाकं हात लावून बघता येतात, ती चुकवू नका.

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण

मी इतिहासातलं काही सांगू शकणार नाही पण वेताळाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे आरवलीचा वेतोबा. उंचपुरी मूर्ती, आणि नवस फेडायला लोक काय देतात तर केळ्यांचे घड आणि चामड्याच्या वहाणा, हातभर लांबीच्या. का, तर देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, राखण करतो, चालून चालून वहाणा झिजतात. माझ्या काकीने देवळातल्या अशा वहाणेचा झिजलेला तळ मला बोट फिरवून दाखवलाय, तिच्या डोळ्यात तेव्हा जे होतं त्याला मी अंधश्रद्धा म्हणू शकत नाही. गोव्यातही आमोण्याला, लोलयेला बेताळ आहेच.

वेताळ अमावास्येच्या रात्री भुतांचा लवाजमा घेऊन निघतो, पुढे मशाली, मागे पालखी, वाटेत कुणी दिसलं तर त्याने बाजूला व्हायचं, हे सगळ्या कोकणात सांगतात. पण ऐकणाऱ्याने नीट ऐकावं, ती गोष्ट सांगणारा माणूस कधीच वेताळ वाईट आहे असं म्हणत नाही. घाबरायचं ते गिऱ्ह्याला. बुडून मेलेला तो गिऱ्हा, तिन्हीसांजेला पाण्याकाठी एकट्या माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि खोल पाण्याकडे नेतो. माझी आई संध्याकाळी खाडीकडून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ देत नसे. त्या गोष्टीने किती पोरं पाण्यापासून लांब राहिली असतील याचा विचार करा.

किनारा_पुणे

खूप खूप आभार सगळ्यांचे, मुलीला सगळं वाचून दाखवलं, दर्यासारंग दादांच्या आजीचं वाक्य तिने वहीत लिहून घेतलंय. अजून एक शंका, सासूबाई म्हणतात त्यांच्या लहानपणी काही रात्री चौलच्या किनाऱ्यावरून समुद्रात निळसर उजेड हलताना दिसायचा आणि मोठी माणसं म्हणायची वेताळाची पालखी निघाली. ते काय असेल? आणि दगडाचं राहिलंच.

खडकपाणी

कॉलेजात सायन्स शिकवते, दोन्हीबद्दल थोडक्यात सांगते. निळा उजेड हा बहुतेक नॉक्टिल्युका असणार, डोळ्याला जेमतेम दिसेल असा एकपेशीय जीव, पाण्यात पोषणद्रव्यं वाढली की तो प्रचंड संख्येने वाढतो आणि लाट फुटली, वल्हं मारलं, मासा सळसळला की तिथे निळी चमक उठते. आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत बऱ्याचदा दिसतो, जुहूपासून देवगडपर्यंत लोकांनी फोटो काढलेत. चंद्र नसेल तेव्हाच नीट दिसतो, म्हणून अमावास्येशी नातं जुळलं असावं असं मला वाटतं. सासूबाईंनी पाहिलं ते खरंच पाहिलं, एवढं त्यांना नक्की सांगा.

दगड मी स्वतः वाजवून पाहिलाय. मोठा काळा धोंडा, छोटा गोटा घेऊन टकटक केलं की घंगाळावर मारल्यासारखा टण्ण आवाज, आणि हाताला कंप जाणवतो. इतक्या लोकांनी इतकी वर्षं मारलंय की वर वाटीएवढे गुळगुळीत खळगे पडलेत, शेजारच्याच दुसऱ्या दगडावर मारलं तर नुसता ठक्क. घट्ट, भेगा नसलेला खडक खालून थोड्याच ठिकाणी टेकलेला असला तर त्याला कंप पावायला मोकळीक मिळते आणि तो असा वाजतो, तोच दगड मातीत अर्धा गाडला असता तर मुका राहिला असता. कृपा करून मुलांना मोठे दगड घालू देऊ नका, हलक्या हातानेही छान वाजतो.

दर्यासारंग_थळ

मॅडम बरोबर बोलल्या, आणि पाणी असं चमकतं तेव्हा जाळं ओढताना अख्खं जाळं उजळून निघतं, मासाही ते बघून बिचकतो, त्या रात्री म्हावरं कमी मिळतं. आम्हाला माहीत आहे तो जीव असतो म्हणून, तरी वडील तेव्हा वेताळाचं नाव घेतात, मीही घेतो, दोन्ही एकत्र राहतं.

ताई, येताना एवढं करा. थळच्या धक्क्यावर आदल्या दिवशी बोटवाल्याशी बोलून ठेवा, भरतीची वेळ तोच सांगेल, त्याप्रमाणे निघा, ओहोटीत उतरायला त्रास होतो. बेट मुंबई पोर्टच्या ताब्यात आहे, तिथे मुक्काम करायचा नाही, संध्याकाळच्या आत परत फिरायचं ते दर्यासाठी, कारण अंधारात उंदेरीच्या बाजूचे खडक नवख्या माणसाच्या जिवावर येतात. उंदेरीवर उतरायचा हट्ट धरू नका, लाट असली तर बोट लागतच नाही. पाणी आणि खायला बरोबर घ्या, प्लास्टिक परत आणा. देवळात चपला बाहेर काढा, नारळ तिथेच फोडा, अर्धा प्रसाद बोटवाल्याला द्या. आणि मुलीला वेताळाबद्दल काही विचारायचं असलं तर बोटीवर कुणालाही विचारू दे, आमच्यातला कुठलाही म्हातारा खुशीने सांगेल.