मदत हवी आहे: शनिवारी रिसॉर्टला जातोय, पूलवर जाण्याआधी काय माहीत हवं?

जलद_लोकल: शनिवारी पहाटे निघतोय. दोन रात्रींचं बुकिंग आहे, तिथे दोन पूल आहेत. आधी काय विचारून घ्यावं? फोन केला तर "सगळं आहे सर" एवढंच उत्तर मिळालं. बॅगा भरायला घेतल्यात, लवकर सांगा.

ताकभात: कुठे? मुलं आहेत का, केवढी?

रानवाटा: समुद्रात उतरणार असाल तर लाल झेंडा लावलेला असताना अजिबात उतरू नका. ओढ जबरदस्त असते.

पोहणारा_सातारकर: आधी कपडे बघा. सुती टी-शर्ट, बर्मुडा बहुतेक ठिकाणी चालत नाही, नायलॉन किंवा लायक्राच लागतं. सुताचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात. आमच्यातल्या चौघांना काठावरूनच परत पाठवलं होतं.

जलद_लोकल: समुद्र नाही हो, महाबळेश्वर! मुलगी चार वर्षांची. आईसुद्धा आहे, ती साडीच नेसते, तिला नुसते पाय सोडून बसायचंय.

माईआजी: बसू देत की त्यांना. साडी वर खोचून बसलं की झालं.

पोहणारा_सातारकर: माई, काठ ओला असतो, पदर पायात येतो. खुर्ची टाकून बसलेलं बरं.

ताकभात: महाबळेश्वर आणि डिसेंबर! साडेचार हजार फुटांवर आहे ते. पाणी तापवलेलं असतं का, आणि कोणत्या वेळेत, हे नेमकं विचारा. आम्ही सकाळी आठला उतरलो, पाच मिनिटांत लेकाचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. दुपारी बारानंतरच उतरा. आणि खोली फुटांत विचारा. चार वर्षांचं मूल साधारण सव्वातीन फूट, म्हणजे साडेतीन फुटांचं पाणी डोक्यावरून जातं.

रानवाटा: दंडावरचे फुगे लावा, काळजी मिटली.

पोहणारा_सातारकर: मिटत नाही! फुगे निसटतात, हवा जाते. लाइफगार्ड असला तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, मोबाइल बाजूला ठेवून.

रानवाटा: माझी दोन्ही मुलं फुग्यांवरच शिकली. त्यापेक्षा क्लोरीनचा उग्र वास आला तर उतरू नका, औषध जास्त झालेलं असतं.

पोहणारा_सातारकर: उतरू नका हे बरोबर, कारण चूक. तो वास क्लोरीन घामाशी, लघवीशी मिसळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा. म्हणून तर आधी शॉवर घ्यायचा.

जलद_लोकल: कपडे आणि वेळ, समजलं. मुलीची औषधंही घेतोय. सोमवारपासून जुलाब होते, काल थांबले.

ताकभात: थांबा, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! तिला पूलमध्ये नेऊ नका. जुलाब क्रिप्टोस्पोरिडियममुळे असतील तर तो जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस तगतो आणि थांबल्यावरही दोन आठवडे पूल टाळायचा असतो. कारण कळलेलं नसेल तर तेवढंच थांबा. दुसऱ्यांची लेकरंही त्याच पाण्यात गटांगळ्या खातात.

जलद_लोकल: आठवडाभर पोहण्याचा चष्मा उशाशी घेऊन झोपतेय ती. कसं सांगू तिला?

माईआजी: वेण्णा तलावात नाव फिरवून आणा. आणि खोलीत टब आहे का विचारा, तिथे चष्मा लावून डुंबेल.

जलद_लोकल: आत्ताच फोन केला. टब नाही, पण मोठं घमेलं आणि गरम पाणी देतो म्हणाले. चष्मा बॅगेत टाकला.