अनुभव धागा: घंटा, बांग, भजन, ढोल आणि गोव्यातले आपण

साष्टीकरीण (धागाकर्ती)
मागे इथे प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांवरून बरीच हमरीतुमरी झाली. तिच्यात गोव्याबाहेरचेच जास्त तावातावाने बोलत होते. म्हणून इथे राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी आपापलं लिहावं. ऐकीव नको. आणि ‘ते लोक’ने सुरू होणारं वाक्य लिहिलंत तर पाठवण्याआधी एकदा परत वाचा.

माझ्यापासून सुरुवात. सासर मडगावात, चर्चच्या हाकेच्या अंतरावर. पवित्र गुरुवारच्या रात्री घंटा थांबते ती ईस्टरच्या जागरणापर्यंत. मधल्या काळात घंटेऐवजी लाकडी मात्राक कडकडते. लग्नानंतरच्या पहिल्या गुड फ्रायडेला सासूबाई म्हणाल्या, “आज बारा कधी वाजले कळलंच नाही गो.” सोवळ्याओवळ्याचं घर, पण भात चुलीवर चढायचा तो चर्चच्या घंटेवर.

मला छळतो तो नरकासुर. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावर पुतळा उभा राहतो आणि पहाटे जाळेपर्यंत डीजे. खिडकीची तावदानं थरथरतात. सासरे आजारी होते त्या वर्षी कानात कापूस घालून पडले होते. सांगणार कुणाला? पुतळा बांधणाऱ्यांत आमचाच पुतण्या. हाच आवाज पलीकडच्या कपेलातून (छोट्या चर्चमधून) आला असता तर घरात दहा जण तक्रार लिहायला बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

वाळपईवाला
ताई, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. मी मराठी शाळेत शिकलो, म्हणून इथे लिहितो.

फजरची बांग गोव्यात वर्षभर सकाळी सहाच्या आतच येते. नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, म्हणून आमच्याकडे ती आता मशिदीच्या आतच होते. आब्बांना ते फार लागलं. मला नाही. मी फोनवर गजर लावतो. शिगम्याचा, म्हणजे आमच्या होळीचा, मेळ दारावर येतो तेव्हा आमच्या ओट्यावर पाण्याची कळशी असते, ती आजोबांच्या वेळेपासून. ढोल-कासाळ्यांचा त्रास कधी वाटला नाही.

पण एक आहे. जत्रेच्या रात्री दीड-दोनपर्यंत कर्णा चालू असतो. शेजारचा गोपाळ-गणेश कुणीही त्यावर चिडला तर तो विषय आवाजाचा. मी तोंड उघडलं की विषय माझ्या नावाचा होतो. म्हणून मी गप्प. याला कुणी सहिष्णुता म्हणत असेल तर म्हणो.

रेइशमागूशचा
वरच्याला +१. आमच्याकडे रात्री तीनपर्यंत क्लब वाजतो. त्याचा धर्म कोणता ते कुणी सांगेल काय?

माशेलचा नट
माझी बाजू थोडी वेगळी. जत्रेला पालखी मंडपात परत यायलाच मध्यरात्र होते. नाटक त्यानंतर, पहाटेपर्यंत, अशीच रीत. आता दहाला माईक बंद. म्हणून काही ठिकाणी पडदा संध्याकाळीच वर जातो, तेव्हा माणसं अजून दुकानांत, नाहीतर फेणीच्या घोटात. एकदा दुसऱ्या अंकात ऐन पदावर पोलिस विंगेत येऊन उभे राहिले. बिचारे तेही ऐकत होते, पण वरून फोन आलेला. राज्य सरकार वर्षाकाठी पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेतो सूट देऊ शकतं. पण गावोगावच्या जत्रा, काले, चवथीचे मंडप पंधरा दिवसांत कसे बसवायचे?

बिनमाईकचं करा म्हणणाऱ्यांनी उघड्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत गाऊन दाखवावं. आणि हो, मंडपाला लागून राहणाऱ्या बारावीच्या पोराची बाजू मला कळते. त्याच्या आईने मला चांगलंच सुनावलंय. ती आमच्याच मंडळाची खजिनदार.

कायद्याचं बोला
नाटकवाले भाऊ, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, देशभर लागू. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र, सरकारने तसं जाहीर केलं असेल तर. “धर्म कुठे सांगतो कर्णा लावून प्रार्थना करा?” अशा अर्थाचा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल लोक मशिदींवर फेकतात. तो खटला मद्रासमधल्या एका ख्रिस्ती चर्चविरुद्धचा होता.

जुन्या काबिजादींतला
घंटेचं फार गोड गोड चाललंय, म्हणून थोडा खडा टाकतो. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची सोन्याची घंटा इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीर शिक्षांच्या वेळीही वाजायची. बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत) देवळं पाडली, देव फोंड्याच्या बाजूला नेले. उघड्यावर वाद्य वाजवायचीही चोरी. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आलं तेव्हा कुठे हिंदूंना मोकळा श्वास मिळाला. त्यामुळे आमच्या आजोबांच्या पिढीला दिंडी रस्त्यावरून वाजत नेण्यात जो कैफ होता, तो मला समजतो. फक्त आज त्या कैफाला चार फुटी स्पीकर कशाला लागतात, ते समजत नाही.

आणि पणजीच्या चर्चची मोठी घंटा, मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली, १८७१ पासून तिथे टांगलेली, ती वाजली की मी थांबतो. दोन्ही खरं.

पणजीत नवीन
पुण्याहून आलो. ८ डिसेंबरच्या चर्चच्या फेस्ताआधीच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), पहाटे धडाधड गर्नाली, म्हणजे आवाजी फटाके. कुत्रं पलंगाखाली. सोसायटीच्या ग्रुपवर तणतणलो. खालच्या मजल्यावरची आजी वर आली, म्हणाली, “पुता, गर्नालांचो आवाज म्हाकाय जायना. हांवें पाद्रीबाबाक सांगलां.” तिने आधीच सांगितलेलं होतं! पुढच्या वर्षी कमी फुटल्या. माझ्या तणतणीने काही झालं नसतं, हे उघड आहे.

रात्रपाळी
इस्पितळात परिचारिका आहे, नाव सांगत नाही. विसर्जनाच्या रात्री फाटकासमोरून मिरवणुका जातात. घुमट-शामेळ ही वाद्यं वाजवणारे जवळ येताच हात आवरतात, पुढे गेल्यावर परत धरतात. डीजेची गाडी चालवणारा मुळी मागे ऐकूच येत नाही इतक्या पुढे बसलेला असतो. त्याला थांबवायला आमचा वॉचमन टॉर्च हलवत धावतो. एका वर्षी ड्रायव्हरने तो नाचतोय असं समजून आवाज आणखी वाढवला.

साष्टीकरीण
टॉर्चचं वाचून हसू आलं आणि रागही. वाळपईवाले, तुमच्या जत्रेच्या कर्ण्याबद्दल देवस्थान समितीला पत्र लिहायचं असेल तर मसुदा मला पाठवा. तिथला एक महाजन (देवस्थानाचा वंशपरंपरेचा सभासद) नातलग आहे, त्याच्या सहीने जाऊ दे. माशेलकर, यंदा नाटक कोणतं आणि किती वाजता ते सांगा. सासूबाईंना आणायचंय. त्यांना नऊनंतर झोप लागते.