रोशफोर १० ला गुण द्यायचे ते ताजी असताना की मुरल्यावर?

ल्यूव्हेनचा_भाडेकरू

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोशफोर १० सारख्या गडद, कडक बेल्जियन एलला (एल म्हणजे उबदार तापमानात आंबवलेली बिअर) गुण द्यायचे तर ताजी असताना द्यावेत. बाटलीवर पाच-सहा वर्षांची धूळ बसली की तिचे गुण आपोआप वाढवायची जी रीत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही.

ज्यांनी ही बिअर घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोशफोर हे दक्षिण बेल्जियमच्या नामूर प्रांतातलं गाव. तिथल्या सेंट-रेमी या ट्रॅपिस्ट (एका कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या) मठात तीन गडद बिअर बनतात: ६, ८ आणि १०. झाकणं अनुक्रमे लाल, हिरवी, निळी. हे आकडे अल्कोहोलचे नाहीत, आंबवण्याआधीच्या द्रावाची घनता मोजायच्या जुन्या बेल्जियन मापातून आलेले आहेत. १० मध्ये अल्कोहोल ११.३ टक्के असतं.

मागच्या शनिवारी आम्ही काही मित्रांनी १० च्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून प्यायल्या. एक यंदाची, दुसरी एका मित्राच्या तळघरात बरीच वर्षं पडून असलेली. दोन्ही साधारण १३ अंशांवर आणल्या. फ्रीजमधून थेट काढलेल्या बाटलीला वास म्हणून जवळपास काही येत नाही, ते इथं नव्यानं सांगायला नको.

ताजीचा फेस दुधाच्या चहाच्या रंगाचा, घट्ट, पेल्याच्या कडेला चिकटून राहणारा. उजेडात धरली की तळाशी तांबूस झाक दिसते. नाकाला पहिल्यांदा लवंग आणि मिरी लागते, मागून पिकलेलं केळं, आणि ग्लास हातात थोडा उबला की मनुका, सुकं अंजीर, कोको, पावाची भाजलेली कड. घोट सुरुवातीला गोड लागतो, पण गिळताना ती गोडी जिभेवर रेंगाळत नाही. बुडबुडे तिला खेचून नेतात आणि शेवट कोरडा होतो. छातीत ऊब पसरते, घसा जळत नाही.

जुनीचा फेस मिनिटभरात बसला. लवंग गायब, केळं गायब. शेरी, पोर्ट, जुनं लाकूड, भरपूर मनुका. छान लागत होती, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर खालून ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागला आणि शेवटाला किंचित सोया सॉससारखी खारट चव राहिली. तरीही टेबलावरच्या बहुतेकांनी जुनीलाच जास्त गुण दिले. माझा आक्षेप इथं आहे. हे गुण मठातल्या ब्रूअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, मिळाले की तळघराला?

तळघरवाले_नाना

भाडेकरू, वर्णन सुरेख केलंत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

ही बिअर बाटलीत पुन्हा आंबते. बाटल्या भरताना साखर आणि ताजं यीस्ट घालतात, मग त्या काही दिवस उबदार खोलीत ठेवतात. यीस्ट जिवंत असतं. जिवंत वस्तू बदलणारच, हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्याला ते हवंही असतं. शिमे या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठाची ग्रांद रेझर्व्ह ही गडद बिअर घ्या, लेबलवर साल छापलेलं असतं. ठेवायची नसेल तर साल कशाला छापतील? अँटवर्पचा कुलमिनातोर हा पब जगभर ओळखला गेला तो जुन्या सालांच्या बाटल्यांसाठीच.

ताजी रोशफोर १० मला कच्ची लागते. लवंग, मिरी, अल्कोहोल सगळं सुटं सुटं येतं. दोन-तीन वर्षांनी तेच एकमेकांत मिसळतं. लोणचं घातल्या दिवशी चाखून कुणी त्याला नावं ठेवत नाही.

आणि पुठ्ठा लागला असेल तर ती बाटली नीट ठेवलेली नव्हती. एका चुकार बाटलीवरून सगळ्या मुरलेल्या बिअरला दोष देऊ नका.

माल्टवाला_पुणेकर

मी धागाकर्त्याच्या बाजूनं. घरी बिअर बनवतो म्हणून थोडं आतलं सांगतो.

नाना ज्याला कच्चेपणा म्हणतात तेच या बिअरचं काम आहे. केळ्याचा वास एस्टरचा, लवंगेचा वास फेनॉलचा. दोन्ही यीस्ट तयार करतं, त्यासाठी ब्रूअर कोणतं यीस्ट, किती घालायचं, आंबताना तापमान कुठून कुठपर्यंत चढू द्यायचं याचा काटेकोर हिशेब ठेवतो. थोडं जास्त तापलं तर नेलपॉलिशसारखा वास येतो, कमी पडलं तर बिअर मुकी राहते. हाच हिशेब बाटलीत पडून पडून आधी पुसला जातो. केळ्याचा एस्टर वेळेबरोबर फुटतो, लवंग मंदावते, हॉपची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) कडवट धार बोथट होते. उरतो तो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि साखरेचा भाग, आणि हवेनं आणलेली शेरीची चव. पत्र्याचं झाकण कितीही घट्ट असलं तरी वर्षानुवर्षांत थोडा ऑक्सिजन आत जातोच.

साखरेचंही सांगतो, कारण इथं अनेकांना वाटतं की हा रंग भाजलेल्या माल्टचा आहे. या प्रकारात बराचसा रंग आणि सुक्या मेव्याची चव बीटच्या साखरेच्या गडद पाकातून येते. साखर जवळपास पूर्ण आंबते, म्हणून ११ टक्क्यांची बिअरही अंगानं जड होत नाही. गडद बेल्जियन एलमध्ये कॉफीसारखा करपट कडवटपणा लागला तर मी गुण कापतो.

पुण्यात बाटल्या "मुरवणाऱ्यांना" एक विनंती. एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. बेल्जियन तळघर वर्षभर थंड असतं, तिथले दाखले इथं लागू नाहीत.

गुणपत्रिका

स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसते, त्यामुळे कागद काय सांगतो ते लिहिते. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रिकेत ५० गुण असतात: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण प्रभाव १०. गडद, कडक बेल्जियन एलसाठी अल्कोहोल ८ ते १२ टक्के धरलं आहे, ते मऊ लागावं, झोंबू नये अशी अपेक्षा आहे.

आता धागाकर्त्याची जुनी बाटली या कागदावर ठेवा. फेस बसला, तिथं फार तर एक गुण जाईल. पण लवंग आणि फळं गेली की वासाच्या १२ मध्ये घसरण, बुडबुडे गेले की पोताच्या ५ मध्ये घसरण, आणि पुठ्ठा तर दोषच, बाटली नवी असो वा जुनी. टेबलावर तिला जास्त गुण मिळाले याचा अर्थ मित्रांनी "मला काय आवडलं" या प्रश्नाचं उत्तर दिलं. ते उत्तर खोटं नाही, पण मूल्यमापन वेगळं.

नानांचा एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. झोंबणारं अल्कोहोल ठेवल्यानं सौम्य लागतं, हे मीही वारंवार अनुभवलं आहे.

तळघरवाले_नाना

ताई, तुमच्या पत्रिकेचा मान ठेवून विचारतो. परीक्षकाला प्लास्टिकच्या पेल्यात चार घोट मिळतात, आणि पुढचा नमुना वाट बघत असतो. रोशफोर १० अर्ध्या तासात ग्लासमध्ये तीनदा बदलते. पहिल्या पाच मिनिटांत मिरी, मध्ये अंजीर, शेवटी कोको. चार घोटांच्या हिशेबात ताजीचा भडकपणाच जिंकणार, कारण तो लगेच कळतो. मुरलेलीला वेळ द्यावा लागतो. ५० गुणांत या अर्ध्या तासाला जागा कुठे आहे?

अंजीर_नाशिक

मी वाइनच्या धंद्यातली, बिअरमध्ये उशिरा आले. मला दोन्ही बाजूंचं एक गृहीतक खटकतं, की वयाबरोबर बिअर एकाच रेषेत बदलत जाते. माझ्या अनुभवात तशी नसते. पहिली काही वर्षं बाटली सुधारते, मग एक काळ ती ना ताजी ना मुरलेली अशी मुकी होते, आणि काही बाटल्या त्यातून बाहेर पडतात, काही पडतच नाहीत. भाडेकरूंच्या मित्राची बाटली कदाचित त्या दुसऱ्या गटातली होती.

तळातल्या साक्याचं कुणी बोललं नाही. जुनी बाटली ओतण्याआधी दिवसभर उभी ठेवली होती का? आडवी असलेली लगेच उघडली तर साका सगळा मिसळतो आणि मेलेल्या यीस्टची चव येते. तुमचा सोया सॉस मला तिथलाच वाटतो. ताज्या बाटलीत तोच साका ढवळून प्यायलात तर नुसती पावाची चव लागते, म्हणून तुलना करताना दोन्हींत शेवटचं बोटभर पेय बाटलीतच सोडावं.

मुंबईचा_घोट

वयाच्या वादात नावाचा वाद राहून जातोय. वेस्टव्लेटेरेन १२ ही ट्रॅपिस्ट बिअर घ्या. सेंट सिक्स्टसच्या मठाच्या दारात विकली जायची, मिळायला दुर्मीळ, १०.२ टक्के. जगातली सर्वोत्तम म्हणून गाजली. वातू गावच्या सेंट बर्नार्डस या बिअर कारखान्यानं १९४६ ते १९९२ याच मठाच्या नावानं परवान्यावर बिअर बनवली, आज त्याची आप्ट १२ ही गडद बिअर युरोपातल्या दुकानांत सहज मिळते. दोन्ही झाकून प्यायला दिल्या तेव्हा आमच्या गटात आप्टला पसंती जास्त मिळाली. नाव उघड असताना उलट झालं होतं. "जुनी बाटली" हेही एक नावच आहे. शनिवारी तुम्ही बाटल्या झाकल्या होत्या का?

ल्यूव्हेनचा_भाडेकरू

मुंबईकर, ओतणारा वेगळा होता, ग्लासांवर फक्त अ आणि ब. पण फेस बघूनच सगळ्यांना जुनी कुठली ते कळलं, त्यामुळे झाकण्याचा उपयोग अर्धाच झाला. पुढच्या वेळी फेस बसेपर्यंत थांबून मगच ग्लास टेबलावर आणायला सांगेन.

अंजीर, बाटली दोन दिवस उभी होती आणि तळ सोडला होता. सोया सॉस तरीही होता, म्हणजे यीस्ट बाटलीतच विरघळायला लागलं होतं. तळघर थंड होतं, नाना, त्यामुळे ठेवण्यात चूक झाली असं मला वाटत नाही.

अर्ध्या तासाचा मुद्दा मात्र मला मनापासून पटला. चार घोटांवर कुठलीच ११ टक्क्यांची बिअर जोखू नये. पण पूर्ण ग्लास, पूर्ण वेळ दिला तरी माझं मत तेच राहतं, कारण ताजी रोशफोर त्या अर्ध्या तासात जितकी बदलली, तितकी जुनी बदलली नाही. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनुकाच होती.

तळघरवाले_नाना

मग वयाची मर्यादा ठरवून बोलू. पाच-सहा वर्षांचा हट्ट मी धरत नाही. दोन ते तीन वर्षांची, थंड जागी ठेवलेली १० आणि यंदाची १०, फेस बसल्यावर, भरलेला ग्लास, अर्धा तास. त्यात ताजी पुढे गेली तर गुणांबाबत तुमचं ऐकेन. ८ ची मात्र तुलना नको. तिच्या ९.२ टक्क्यांना मुरायची गरज नसते, ती मीही आणली की त्याच महिन्यात संपवतो.